केबल न पोचलेल्या मुंबईतून ट्रायच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

प्रत: माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: जिथे केबल नाही तिथल्या ग्राहकाला डीटीएच कंपनी निवडण्याचा खराखुरा पर्याय मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

जुलै २०२४ मध्ये आपण नेटवर्क कपॅसिटी फीवरची, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याच्या, ग्राहकाच्या बिलातल्या 'एनसीएफ' या मासिक आकारावरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्याआधी हा आकडा दोनशे वाहिन्यांपर्यंत १३० रुपये होता, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. आता कंपनीने स्वतः ठरवायचा, जाहीर करायचा, आणि वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळा ठेवायचीही मुभा आहे. बॉक्स बसवणे, सुरू करणे, घरी येऊन दुरुस्ती करणे, जागा बदलणे यांचे दरही त्याच वेळी मोकळे झाले. पूर्वी बसवण्याचे जास्तीत जास्त ३५० आणि सुरू करण्याचे १०० रुपये घेता येत. यामागचा विचार असा की बाजारात स्पर्धा आहे, ग्राहकाला दर पटला नाही तर तो दुसरीकडे जाईल.

मुंबईच्या ज्या भागात केबल आहे, फायबर आहे आणि गच्चीही मोकळी आहे, तिथे हे बऱ्याच अंशी खरे आहे. आम्ही उपनगरांत डीटीएचच्या छत्र्या (डिश) बसवतो आणि दुरुस्त करतो. आमचे बरेचसे काम पडते ते जिथे केबलवाल्याची तार संपते त्याच्या पुढे: आरे वसाहतीतले आतले पाडे, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या, गोराई-मनोरीकडची टोकाची घरे, आणि नुकत्याच ताब्यात मिळालेल्या पुनर्वसन इमारती, जिथे लिफ्ट सुरू झालेली असते पण केबल आलेली नसते. अशा ठिकाणी ग्राहक 'दुसरीकडे' जाऊ शकत नाही. का जाऊ शकत नाही हे दिल्लीत बसून दिसणे कठीण आहे, म्हणून ते मोजमापासकट लिहीत आहोत.

कागदावर चार पर्याय आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी सहा खासगी कंपन्या होत्या. त्यातली रिलायन्सची बिग टीव्ही बंद पडली, व्हिडिओकॉन डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. उरल्या टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही (डीटूएचसह) आणि सन डायरेक्ट. २०२५ मध्ये टाटा प्ले आणि एअरटेल यांच्या एकत्र येण्याची बोलणी झाली आणि फिसकटली. ती जुळली असती तर तीनच उरल्या असत्या.

आता छपरावर या. या सगळ्या कंपन्यांचे उपग्रह विषुववृत्तावर, मुंबईच्या पूर्वेला आहेत. मुंबईतून पाहिले तर टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १५१ अंशांवर, आणि क्षितिजापासून ६५ अंश उंच दिसतो. डीटूएचचा ८८ अंशांवरचा: दिशा १४०, उंची ६२. सन डायरेक्ट आणि दूरदर्शनची फ्री डिश यांचा ९३.५ अंशांवरचा: दिशा १३१, उंची ५७. डिश टीव्हीचा ९५ अंशांवरचा: दिशा १२९, उंची ५६. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा: दिशा ११५, म्हणजे जवळजवळ पूर्वेकडे, आणि उंची फक्त ४४ अंश. मुंबईत होकायंत्राचे उत्तर आणि खरे उत्तर यांत जवळपास फरक नाही, त्यामुळे हे आकडे साध्या होकायंत्रावर पडताळता येतात. फक्त पत्र्यापासून आणि लोखंडी पाइपापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहावे, नाहीतर सुई भरकटते.

या आकड्यांचा अर्थ असा. उपग्रहाच्या दिशेला समोर एखादी भिंत असेल तर ती छत्रीपेक्षा किती उंच असून चालेल, हे त्या भिंतीच्या अंतरावर ठरते. ६५ अंशांच्या उपग्रहासाठी अंतराच्या सुमारे २.१ पट उंचीपर्यंत चालते, ५६-५७ अंशांसाठी दीड पट, आणि ४४ अंशांसाठी पट जवळजवळ एकच. दोन पुनर्वसन इमारतींमध्ये सहा मीटर अंतर असेल आणि दोन्ही सारख्या उंचीच्या असतील, तर ८३ अंशांचा उपग्रह वरच्या चारेक मजल्यांच्या खिडक्यांतून दिसेल, १०८.२ चा फक्त वरच्या दोन मजल्यांतून. त्याखालच्या सगळ्यांना गच्चीशिवाय इलाज नाही. आणि ज्यांच्या खिडक्या पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडतात त्यांना कोणत्याच कंपनीचा उपग्रह दिसणार नाही, मग ते दहाव्या मजल्यावर असोत की विसाव्या. गच्चीवर छत्री लावायला सोसायटीने नाही म्हटले की तिथे चारही पर्याय संपले.

डोंगरउतारावरही तसेच. उद्यानाचा डोंगर तोच, पण भांडुप-मुलुंडच्या अंगाला उतार पूर्वेकडे असल्याने समोर आकाश मोकळे मिळते. मालाड-कांदिवलीच्या अंगाला डोंगर पूर्वेला उभा, आणि नेमके तिकडेच बघायचे असते. नुसत्या डोंगराने अडत नाही, तीस अंशांचा उतार असला तरी उपग्रह त्याच्या वर असतो. अडते ते वरच्या अंगाच्या घराच्या माळ्यामुळे. सहा मीटरवर वरचे घर, जमीन साडेतीन मीटर उंच, त्यावर तळमजला आणि माळा मिळून सहा मीटर. आपली छत्री आपल्या साडेतीन मीटर उंच पत्र्यावर. हिशोब केला तर अडथळा बरोबर ४५ अंशांपर्यंत येतो. ४४ अंशांवरचा उपग्रह गेला, बाकीचे राहिले. पुढच्या वर्षी वरच्याने आणखी एक माळा चढवला की ५६ आणि ५७ वालेही जातात. तेव्हा ग्राहकाच्या हाती टाटा प्ले आणि डीटूएच या दोनच उरतात, आणि त्या कंपन्यांच्या विक्रीखात्याला किंवा ट्रायला ते कुठेच दिसत नाही. नोंदीत तो 'चार पर्याय असलेला ग्राहक'च असतो.

झाडांचे प्रकरण आणखी फसवे आहे. आरेच्या बाजूला साग आणि पळस भरपूर. एप्रिलमध्ये छत्री बसवली तेव्हा फांद्या उघड्या होत्या, सिग्नल उत्तम होता. जुलैत पाने आली, त्यांवर पाणी साचले आणि चित्र गेले. डीटीएच ज्यावर चालते त्या केयू बँडच्या लहरी ओल्या पानांतून जात नाहीत. ग्राहकाला वाटते बॉक्स बिघडला. तो तक्रार करतो, माणूस येतो, भेटीचे पैसे घेतो, फांदीकडे बोट दाखवून जातो. फांदी छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छत्री दुसरीकडे न्यायची तर जागा बदलण्याचे पैसे वेगळे.

पावसात चित्र जाणे हा वेगळा मुद्दा आहे, आणि तिथे आम्ही कंपन्यांना दोष देत नाही. मुंबईच्या मुसळधार सरीत केयू बँड जाणारच. पण ४४ अंशांवर बघणाऱ्या छत्रीचा मार्ग पावसाच्या थरातून ६५ अंशांवाल्यापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त लांब जातो, हे विकताना कोणी सांगत नाही. सर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चित्र परत आले तर सगळे ठीक. नाही आले तर दोष छत्रीत किंवा तारेत. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य दिसली तर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज पोचते आहे पण छत्री हलली आहे किंवा समोर अडथळा आहे. दोन्ही शून्य असतील तर तार तुटली आहे किंवा तारेच्या टोकाच्या एफ कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे. एलएनबीच्या खाली तारेला खालच्या बाजूने एक वळसा दिला, कनेक्टरवर रबरी टोपी चढवली आणि तांब्याची आरजी-६ तार वापरली की निम्म्या तक्रारी होतच नाहीत. खाडीकडच्या खाऱ्या हवेत स्वस्त कनेक्टर पहिल्याच पावसाळ्यात गंजतो. बसवणाऱ्याला नगामागे पैसे मिळतात, म्हणून वळसा राहतो आणि टोपीही राहते.

शिवाय दर मे महिन्यात वस्त्यांमध्ये पत्र्यावर ताडपत्री घातली जाते. ती घालायला छत्री काढावी लागते, आणि घालून झाल्यावर पुन्हा लावावी लागते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत तीनेक अंशांचाच असतो. दीड अंश सरकली तरी निम्मी ताकद जाते, कोरड्या दिवशी चित्र दिसत राहते आणि पहिल्या सरीला जाते. ग्राहक स्वतः अंदाजाने लावतो, जूनमध्ये चित्र जाते, मग तक्रार, मग भेटीचे पैसे. केबलच्या ग्राहकाला हा खर्चच नाही. जागा बदलण्याचे आणि भेटीचे दर मोकळे सोडताना हा वार्षिक फेरा कुणाच्या डोळ्यांसमोर नसावा.

आता मूळ दुखण्याकडे येतो: बॉक्स.

समजा ग्राहकाच्या छपरावरून दोन कंपन्यांचे उपग्रह दिसतात आणि त्याला बदलायचे आहे. तांत्रिकदृष्ट्या काय लागते? छत्री तीच चालते. बहुतेक वेळा एलएनबीही तोच चालतो. पाइप तोच, तार तीच. छत्रीची दिशा आणि अँगल बदलायचा, एलएनबी आपल्या अक्षाभोवती थोडा फिरवायचा, मीटरवर क्वालिटी बघत बोल्ट आवळायचे. सरावलेल्या हाताला अर्धा तास. बदलावी लागते फक्त एक गोष्ट, बॉक्स. कारण त्यातले कुलूप एकाच कंपनीच्या चावीने उघडते. आतला ट्यूनर, डीकोडर सगळे दुसऱ्या कंपनीचा सिग्नलही वाचू शकतात, पण कार्ड आणि चिप यांची जोडी बांधलेली असते. म्हणून चांगला चालणारा बॉक्स कचऱ्यात जातो आणि नव्या बॉक्सचे पैसे भरावे लागतात. हातावर पोट असलेल्या घराला हा खर्च महिन्याच्या रिचार्जच्या कितीतरी पट असतो. पन्नास रुपये वाचवण्यासाठी कोणी तो करत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण ९३.५ अंशांचे. तिथे सन डायरेक्ट आणि दूरदर्शनची फ्री डिश एकाच जागेवरून येतात. छत्री एक मिलिमीटरही हलवायची गरज नाही. तरी बॉक्स दोन लागतात.

महोदय, हे सुटणार नाही असे कुणी म्हणू नये. डीटीएचच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिले आहे की बॉक्स खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा दुसरीकडे चालावा. सुरुवातीच्या बॉक्समध्ये दुसऱ्या कंपनीचे कुलूप उघडणाऱ्या मॉड्यूलसाठी खाच असायचीही. पण मॉड्यूलची किंमत नव्या बॉक्सच्या पुढे जायची, त्यामुळे ती खाच रिकामीच राहिली. मग १० एप्रिल २०२० रोजी ट्रायनेच शिफारस केली: यूएसबीवर लागणाऱ्या तशाच छोट्या मॉड्यूलचा ('कॅम') मार्ग घ्यावा, टीव्ही संचांनाही ती सोय असावी, आणि कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत द्यावी. शिफारस उत्तम होती. आमच्या कामात आजवर तसा एकही बॉक्स हाती आलेला नाही. भारतीय मानक ब्युरोने अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीचे मानक काढले आहे, तेही चांगले झाले, पण त्यातून मोफत वाहिन्या दिसतात, पैशांच्या नाहीत. मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ मध्ये आली आणि त्याने बाजाराची वागणूक बदलली. बॉक्सच्या बाबतीत आपल्याच शिफारशीचा पाठपुरावा ट्रायने करावा, निदान यापुढे विकल्या जाणाऱ्या बॉक्सपुरता तरी. जुने सगळे बॉक्स बदला असे आम्ही म्हणत नाही.

कुणी म्हणेल फ्री डिश आहेच की. आहे, आणि आम्ही ती मोठ्या प्रमाणावर बसवतो. महिन्याचा खर्च नाही, सह्याद्री वाहिनी मिळते, बातम्या मिळतात. पण घरातल्या बाईला रात्री आठची मराठी मालिका आणि पोराला क्रिकेट बघायचे असते, आणि त्यातले बरेचसे पैशांच्या वाहिन्यांवर असते. मोबाइलवर बघा म्हणावे तर एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी डेटा जातो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकात जेमतेम अर्धा-पाऊण तास बघून होते, आणि पाड्यांत मुळात रेंजच धरत नाही.

एक उपाय सोपा आहे आणि आम्हाला तो मनापासून हवा आहे: सामायिक खांब. वस्तीतली किंवा इमारतीतली जी जागा आग्नेयेला मोकळी आहे तिथे दोन इंची जीआय पाइप, दोन फूट खोल काँक्रीटमध्ये, अर्थिंगसकट. त्यावर ८३, ९३.५ आणि १०८.२ साठी तीन छत्र्या, जागा असेल तर ८८ आणि ९५ साठी आणखी दोन. प्रत्येक छत्रीला क्वाट्रो (चार तोंडांचा) एलएनबी, खाली प्रत्येक घराला हवा तो सिग्नल जोडून देणारा मल्टिस्विच, तिथून घराघरांत आरजी-६. तीस मीटरपर्यंत तशीच तार, त्यापुढे अॅम्प्लिफायर किंवा फायबर. मग ज्याला जी कंपनी हवी ती त्याने घ्यावी, अडथळा असलेल्या घरालाही खांबावरच्या सगळ्या कंपन्यांचा पर्याय मिळतो.

मल्टिस्विच मुद्दाम लिहिले, कारण आज लोक हेच काम एका तारेला नुसते फाटे फोडणाऱ्या स्वस्त स्प्लिटरने करतात आणि ते फसते. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून लहरींची दिशा निवडतो आणि २२ किलोहर्ट्झच्या सुराने बँड निवडतो. साधा एलएनबी एका वेळी यातला एकच चतुर्थांश देतो. दोन घरांचे बॉक्स एकाच एलएनबीवर जोडले की एक १८ मागतो, दुसरा १३, आणि शेजाऱ्याने वाहिनी बदलली की आपले चित्र जाते. मग भांडणे होतात आणि जोडणी उपटली जाते. क्वाट्रो एलएनबी चारही भाग एकाच वेळी देतो, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. हे सुटे भाग बाजारात मिळतात, नवे काही शोधायचे नाही.

अडचण मालकीची आहे. एखादी कंपनी इमारतीला सामायिक छत्री देते तेव्हा ती फक्त स्वतःची देते, दुसऱ्यांची तिथे लावू देत नाही, आणि ग्राहक पुन्हा एकाच्याच हाती सापडतो. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने डीटीएच कंपन्यांना आपसांत यंत्रणा वाटून घ्यायला परवानगी दिली, ती ऐच्छिक आणि वरच्या पातळीवरची. छपराच्या पातळीवर तशी सोय नाही. सामायिक छत्री बसवली तर ती सर्व कंपन्यांसाठी खुली असलीच पाहिजे, असा नियम ट्राय सुचवू शकते. पुनर्वसन इमारतींच्या नकाशात गच्चीवर या खांबासाठी आणि जिन्यालगत तारांच्या नळीसाठी जागा ठेवावी, हे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) आणि म्हाडाला पत्राने कळवणेही ट्रायच्या हाताबाहेरचे नाही. आरे आणि उद्यानाच्या हद्दीत दुग्धविकास आणि वनखात्याची परवानगी लागेल, पण मैलभर खांब टाकून केबल नेण्यापेक्षा एका खांबाची परवानगी मिळणे सोपे आहे.

तोवर तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पैसे घेण्याआधी कंपनीच्या माणसाने छपरावर उभे राहून दिशा आणि उंचीचा अंश मोजावा आणि लेखी चिठ्ठी द्यावी: कोणता उपग्रह दिसतो, समोर काय आहे, पानगळीचे झाड आहे का. सिग्नल मिळाला नाही तर सगळे पैसे परत. जिथे केबल नाही तिथे भेटीच्या आणि जागा बदलण्याच्या दरांवर मर्यादा पुन्हा आणावी, आणि पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर वर्षातून एकदा छत्री जुळवून देणे मोफत असावे. आणि ट्रायच्या तिमाही अहवालात डीटीएच ग्राहकांची एकूण संख्या आणि कंपन्यांचे वाटे येतात, त्यात यापुढे केबल कुठे पोचलेली नाही याची निदान महापालिकेच्या प्रभागवार नोंद यावी. ती नसेल तर एनसीएफ वेगवेगळ्या भागांत वेगळा ठेवण्याची मुभा कुठे आणि कशी वापरली जाते हे कुणालाच तपासता येणार नाही. कुणी ती गैर वापरते असा आमचा आरोप नाही. पण जिथून ग्राहक हलू शकत नाही तिथे दर वाढवण्याचा मोह कुणालाही होईल.

वैयक्तिक तक्रारी ट्राय हाताळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून या पत्रात एकाही घराची तक्रार लिहिलेली नाही. वरचे अंश आणि पट कुणीही होकायंत्र, अंशमापक आणि मोजपट्टी घेऊन तपासू शकतो. आपल्या अधिकाऱ्यांनी मालाडच्या किंवा आरेच्या बाजूला एक दिवस काढला तर शिडी, मीटर आणि सोबत आम्ही देऊ. मे महिन्यात ताडपत्र्या चढण्याआधी यावे, तेव्हा छत्र्या जागेवर असतात.

कळावे,
आपले,
मुंबई उपनगरांत डिश बसवणारे व दुरुस्त करणारे तंत्रज्ञ